साहेब, सासुरवास आणि ‘सांभाळून घे’

माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मला पहिली नोकरी लागली आणि तिसऱ्याच महिन्यात मी घरी येऊन रडले, तेव्हा भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी एवढंच विचारलं, “साहेबाची बदली कधी आहे?” मी म्हटलं, बाबा, खासगी कंपनी आहे, इथे साहेबांच्या बदल्या होत नाहीत. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग काय, सांभाळून घे.”

त्या गप्प बसण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. बाबांच्या सगळ्या नोकरीचं शहाणपण एका गृहीतावर उभं होतं: साहेब येतो, साहेब जातो, सेक्शन जागेवर असतो. महाराष्ट्रात तर पुढे या गृहीताला कायद्याचाच आधार मिळाला. सरकारी बदल्यांचं नियमन करणाऱ्या २००५ च्या कायद्याने अधिकाऱ्याच्या पदाचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा धरला आहे. जो साहेब तीन वर्षांत जाणार, तो पावसाळ्यासारखा काढता येतो. छत्री घ्यायची, चिखल चुकवायचा, दिवस मोजायचे. म्हणजे ‘सांभाळून घे’ हे मुदतीचं औषध होतं. आपण ते मुदतीचं लेबल फाडून हिंजवडीला, ऐरोलीला, बीकेसीला नेलं. तिथे साहेब हलत नाही, हललो तर आपणच.

माझे ते पहिले साहेब ओरडणारे नव्हते. समोरच्याकडे ते बघतच नसत. आपण बोलत असताना पेनचं टोपण टेबलाच्या काचेवर तीनदा वाजवायचं आणि मान वर न करता म्हणायचं, “पुढे?” एवढंच. पण त्या ‘पुढे?’ने माझं वाक्य दर वेळी मधेच मोडायचं, आणि दोन वर्षांत मी घरीही अर्धी वाक्यं बोलायला लागले होते.

अवघड साहेब हा विषय टपरीवरच्या गप्पांचा मानला जातो. पण गेल्या पन्नासेक वर्षांत त्यावर मानसशास्त्रज्ञांनी, डॉक्टरांनी, अर्थतज्ज्ञांनी आणि न्यायालयांनीही बरंच काम केलंय. त्यातलं आपल्या कामाचं काय आहे आणि ‘सांभाळून घे’ त्यात कुठवर टिकतं, हे एकदा मांडून बघावंसं वाटलं.

मुळात ‘अवघड’ हा शब्द फार ढिला आहे. एकीचा साहेब टिपणी व्याकरणासाठी तीनदा परत पाठवतो. दुसरीचा साहेब कुठल्याच कागदावर सही करत नाही, ‘बघू’ म्हणून फाइल खाली सरकवतो. तिसऱ्याने रात्रभर बसून केलेलं सादरीकरण साहेब सकाळी स्वतःच्या नावाने दाखवतो. चौथ्याला साहेब सगळ्यांदेखत ‘तुला अक्कल कुणी दिली?’ म्हणतो. चौघंही चहा पिताना एकच शब्द वापरतात, पण हे चार वेगळे आजार आहेत.

पहिला, कडक साहेब, हा पुष्कळदा आजारच नसतो. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय कचेऱ्यांबद्दल एक मांडणी केली. इथला हाताखालचा माणूस वरच्याकडून मायाही मागतो आणि दिशाही. अशा ठिकाणी चालतो तो माया करणारा, पण ती माया कामाच्या अटीवर करणारा साहेब. हे वाचताना मला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. त्यांच्या रागाची भीती वाटायची, अपमान कधी वाटला नाही. गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून ‘सत्तेचं अंतर’ मोजलं होतं. वरच्याचं वरचेपण खालचे लोक कितपत स्वाभाविक मानतात, याचा तो आकडा. भारत ७७, अमेरिका ४०, डेन्मार्क १८. परदेशी पुस्तकांतला ‘बॉसला सरळ जाऊन सांगा’ हा सल्ला आपल्याकडे गिळायला जड का जातो, ते या तीन आकड्यांत आहे. कोपनहेगनच्या माणसाला जी चार पावलं आहेत, तो आपल्याला घाट असतो.

दुसरा साहेब न झेपणाऱ्या खुर्चीत बसलेला असतो. लॉरेन्स पीटर यांनी रेमंड हल यांच्याबरोबर १९६९ मध्ये जे गमतीने मांडलं, की माणूस बढती घेत घेत त्याला न जमणाऱ्या पदापर्यंत पोचतो आणि तिथेच अडकतो, ते २०१९ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी कंपन्यांतल्या विक्रेत्यांच्या नोंदींवर तपासून पाहिलं. जो जास्त माल विकतो त्यालाच बढती मिळत होती. आणि तोच साहेब झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची विक्री घसरत होती. आपल्याकडे उत्तम शिकवणाऱ्या सरांना मुख्याध्यापक करून आपण एक चांगला शिक्षक गमावतो आणि खिचडीचा हिशेब न जमणारा एक प्रशासक मिळवतो. सॉफ्टवेअर कंपनीत उत्तम कोड लिहिणाऱ्याचा टीम लीड होतो, तेही तेच. अशा साहेबाचा राग करण्यात अर्थ नसतो. त्याला मदत लागते, आणि ती त्याला मागता येत नाही.

उरला चौथा. (तिसऱ्याचं, म्हणजे दुसऱ्याचं काम लाटणाऱ्याचं, कुळ बहुधा चौथ्याचंच निघतं.) त्याच्यासाठी अमेरिकेतले बेनेट टेपर यांनी २००० मध्ये एक व्याख्या आणि पंधरा प्रश्नांची एक मोजपट्टी दिली, या विषयातलं पुढचं बहुतेक संशोधन तिच्यावर उभं आहे. हात न उगारता, सतत, शब्दांनी आणि वागण्याने केलेला छळ, असा त्या व्याख्येचा आशय. प्रश्न साधे आहेत. साहेब टिंगल करतो का? चारचौघांत पाणउतारा करतो का? बोलणं टाकतो का? जुन्या चुका उकरतो का? दिलेला शब्द मोडतो का? स्वतःची लाज वाचवायला तुमच्यावर ढकलतो का? भलत्याच कारणाचा राग तुमच्यावर काढतो का? शेवटच्याला आपण वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो. त्या व्याख्येतला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला शब्द ‘सतत’ हा आहे. मार्चअखेर एकदा आवाज चढवणारा माणूस त्यात बसत नाही. माझे टोपणवाले साहेब मात्र, एकदाही आवाज न चढवता, चांगले बसतात.

हे सगळं मनाला लावून घेण्याचे प्रकार आहेत असं म्हणणाऱ्यांनी लंडनमधल्या सरकारी नोकरांची गोष्ट वाचावी. आपल्या कचेऱ्यांचं माहेर तेच. फाइल, शेरा, साहेब सगळं तिथूनच आलं. व्हाइटहॉल नावाने ओळखली जाणारी पहिली पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरी सुरू झाली, तिच्यात १०,३०८ कर्मचारी होते. अपेक्षा अशी, की हृदयविकार वरच्या साहेबांना व्हावा; जबाबदारी त्यांची, ताण त्यांचा. निघालं उलट. पायरी जितकी खालची तितका धोका जास्त. सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळं धरूनही फरक पुरता मिटेना. एक महत्त्वाचं कारण हाती लागलं ते असं, की खालच्याला स्वतःच्या कामावर ताबा नसतो. काय करायचं, कधी, कोणत्या क्रमाने, हे सगळं दुसरा ठरवतो. त्याच पाहणीतून २००५ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला: साहेब आपल्याशी न्यायाने वागतो, आपलं ऐकून घेतो, असं ज्यांना वाटत होतं त्या पुरुष कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण कमी होतं. ‘पुढे?’ या दोन अक्षरांचा हिशेब कुठेतरी धमन्यांत लिहिला जात असावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

साहेब असा का वागतो? एक उत्तर झोपेचं आहे. २०१५ च्या एका अभ्यासात ज्या दिवशी साहेबाची रात्रीची झोप नीट झालेली नव्हती त्या दिवशी त्याचं वागणं जास्त जाचाचं होतं. दुसरं उत्तर उतरंडीचं. २०१२ च्या एका अभ्यासाने दाखवलं, की वरच्या साहेबाचा जाच मधल्या साहेबातून खाली झिरपतो. म्हणजे ज्याला छळलं तोच छळतो. मराठी बाईला हे सांगायला संशोधक लागत नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, या म्हणीत सुनेची फक्त पाळी बदलते, घराची रीत बदलत नाही. या दोन्ही उत्तरांनी साहेबाची बाजू समजते. समजली म्हणून जाच कमी लागत नाही.

आता उपायांकडे. आपल्या कचेऱ्यांतला सर्वांत जुना उपाय म्हणजे केबिनबाहेरच्या शिपायाला विचारणं, “आज मूड कसा आहे?” तो भुवई उडवतो, आपण फाइल घेऊन परत फिरतो. लिफ्टमध्ये साहेब दिसले की जिन्याने जायचं, मीटिंगमध्ये खांबाआड बसायचं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, अशी म्हणच आहे. ‘सांभाळून घे’ची रोजची अंमलबजावणी ही अशी असते. टेपर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नेमकं हेच तपासलं. जाच करणाऱ्या साहेबाला टाळत राहणारे, आपलं म्हणणं झाकत राहणारे लोक जास्त त्रासात होते. आणि जे टाळतही होते, वर साहेबाशी कामाबद्दल सरळ बोलतही नव्हते, त्यांची अवस्था आणखी वाईट होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण तोंड दाबणारा हात आपलाच.

मग उलट वागावं का? २०१५ मध्ये टेपर यांच्याच गटाने केलेल्या पाहण्यांनी पुष्कळांना चकवलं. जाचाला जाचाने उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यांना स्वतःबद्दल कमी वाईट वाटत होतं. आपण नुसते बळी आहोत ही भावना त्यांच्यात कमी होती. ते काही टेबलावर हात आपटत नव्हते. न ऐकल्यासारखं करणं, न समजल्याचं सोंग घेणं, मुद्दाम अर्धंच काम करणं, एवढंच. आपण याला वेड घेऊन पेडगावला जाणं म्हणतो, आणि आपल्या कचेऱ्यांत या कलेचे उस्ताद प्रत्येक मजल्यावर सापडतात. पण त्या पाहण्या अमेरिकेतल्या होत्या. जिथे साहेबाच्या हातात तुमचं वार्षिक रेटिंग असतं, रजा असते आणि पुढच्या नोकरीच्या वेळी फोनवर दोन वाक्यं बोलण्याची ताकद असते, तिथे पेडगावचा रस्ता परतीचा नसतो. शिवाय अर्धं काम करायची सवय साहेब बदलल्यावरही जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

याच मार्गावरचा एक निरुपद्रवी प्रकार आहे. २०१८ मध्ये अर्थशास्त्राचं इग नोबेल पारितोषिक, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते, एका प्रयोगाला मिळालं. लोकांना त्यांच्या छळवादी साहेबाच्या नावाची बाहुली पडद्यावर दिली आणि तिला सुया टोचू दिल्या. टोचल्यावर त्यांची अन्यायाची भावना कमी झाली. आम्ही बाहुली वापरत नव्हतो. आमच्यात एक कुलकर्ण्यांचा मुलगा होता. तो टपरीवर साहेबांची नक्कल करायचा. कटिंगचा ग्लास उलटा धरून टपरीच्या पत्र्यावर तीनदा वाजवायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, “पुढे?” आम्ही पोट धरून हसायचो. वर जाताना खांदे जरा सरळ झालेले असायचे. बरं वाटण्याचा तो सर्वांत स्वस्त इलाज होता, पण दुपारी तीनच्या मीटिंगपर्यंतच पुरायचा.

साहेबाला ‘हाताळण्या’बद्दल जे गंभीरपणे लिहिलं गेलंय त्यात जॉन गॅबॅरो आणि जॉन कॉटर यांचा १९८० चा लेख अजून टिकून आहे. त्यांचं म्हणणं असं, की साहेबालाही तुमची गरज असते, त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेलं असतं, आणि त्याची कामाची रीत ओळखणं हे तुमच्या कामाचाच भाग आहे. पीटर ड्रकर यांनी केलेला भेद ते वापरतात: काही साहेब वाचणारे, काही ऐकणारे. वाचणाऱ्याला उभ्याने तोंडी सांगितलेलं डोक्यात जात नाही. ऐकणाऱ्याच्या टेबलावर ठेवलेली पाच पानी टिपणी तशीच धूळ खाते. हे मी करून पाहिलं. टोपणवाले साहेब वाचणारे निघाले. मी बोलणं बंद करून रोज सकाळी अर्ध्या पानाची चिठ्ठी ठेवायला लागले आणि टकटक निम्म्यावर आली. पण या सल्ल्याला हद्द आहे. कडक साहेब, गोंधळलेला साहेब, न झेपणारा साहेब यांना तो लागू पडतो. ज्याला तुमचा अपमान करण्यातच रस आहे, तो चिठ्ठीवरच्या ऱ्हस्वदीर्घातूनही अपमान शोधतो.

तिथून पुढे जो उपाय कामाला येतो तो फार जुना आणि फार कंटाळवाणा आहे: लिहून ठेवणं.

१८७९ सालच्या पुण्याकडे बघा. त्या काळात त्या एका गावाने सरकारी नोकरीतल्या जाचाची दोन टोकाची उत्तरं पाहिली. वासुदेव बळवंत फडके तिथे लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना रजा वेळेवर मिळाली नाही, पोचेपर्यंत ती गेली होती, ही हकीगत त्यांच्या चरित्रांतून येते. साध्या रजेच्या अर्जाची ती सल त्यांच्या मनात राहिली. पुढच्या बंडामागे दुष्काळ होता, राज्य होतं, पुष्कळ काही होतं. पण रजेचा तो अर्जही होताच. दुसरीकडे महादेव गोविंद रानडे सरकारी न्यायाधीश. वरिष्ठांना त्यांच्याबद्दल संशय. १८७८ मध्ये पुण्याहून नाशिकला बदली, १८७९ मध्ये फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत धुळ्याला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत धुळ्याचे ते दिवस आहेत. टपाल फोडलेलं यायचं. बंडवाल्यांच्या नावाने पत्रं यायची, जाळ्यात ओढायला पाठवल्यासारखी. रानडे ती आलेली पत्रं सरळ पोलिसांकडे पाठवून द्यायचे. राजीनामा दिला नाही, थयथयाट केला नाही, पण आपल्याविरुद्ध वापरता येईल असा एकही कागद हातात ठेवला नाही. पुढे एका इंग्रज अधिकाऱ्यानेच त्यांच्यावर पाळत होती आणि संशय फिटला, असं त्यांना सांगितलं. हेही ‘सांभाळून घेणं’च, पण यातला ‘सांभाळ’ कागदाचा आहे.

सरकारी नोकरीच्या नियमांनाही हे उमगलेलं आहे. १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांत वरिष्ठाचा आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावा आणि तोंडी दिला तर कनिष्ठाने तो लेखी मागून घ्यावा, अशी तरतूद आहे. निवृत्त सनदी अधिकारी टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी तोंडी आदेशांवर काम न करण्याबद्दल स्पष्ट बजावलं. त्याआधी २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात त्याच न्यायालयाने गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे असं ठरवलं. माझ्या वडिलांच्या पिढीला ‘सीआर खराब करीन’ ही धमकी देवाच्या कोपासारखी होती, कारण वरवर चांगला वाटणाऱ्या शेऱ्याने बढती अडली तरी तो शेरा कळतच नसे. त्या प्रकरणातला शेराही ‘चांगला’ असाच होता. बढतीला मात्र ‘खूप चांगला’ लागत होता.

खासगी नोकरीत याचंच रूप म्हणजे मीटिंगनंतर पाठवलेला दोन ओळींचा मेल: ‘आपल्या सकाळच्या बोलण्यानुसार मी अमुक काम तमुक तारखेपर्यंत करते आहे.’ यात तक्रार नसते, सूर नसतो. पण सहा महिन्यांनी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे वाक्य आलं की या दोन ओळी बोलतात. तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं, एवढं एका वहीत. वही स्वतःची, कंपनीच्या लॅपटॉपवर नव्हे. आणि दुसरं, एकटं पडू नये. टेपरच्या पंधरा प्रश्नांत ‘सहकाऱ्यांशी बोलू देत नाही’ हाही एक आहे, आणि तो उगाच नाही. जाच टिकतो तो प्रत्येकाला ‘हे फक्त माझ्याशीच होतंय’ असं वाटण्यावर. अळीमिळी गुपचिळी मोडली, की तीन जण मिळून गेलेली तक्रार एच.आर.ला ‘स्वभाव जुळत नाहीत’ म्हणून बाजूला सारता येत नाही. एच.आर. कंपनीचं असतं, कर्मचाऱ्याचं नव्हे, हे मात्र जाताना लक्षात ठेवावं.

कायदा किती मदत करतो? सरकारी कर्मचाऱ्याला निदान दार आहे: राज्याचं प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला सगळे ‘मॅट’ म्हणतात, १९९१ पासून आहे आणि आकसाने केलेल्या बदल्या तिथे रद्दही होतात. कारखान्यातल्या कामगाराला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने, धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा ठरवून दिली. बाईला लैंगिक छळाविरुद्ध १९९७ च्या विशाखा निकालापासून आणि मग २०१३ च्या कायद्यापासून आधार आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, ही मुदत पुष्कळ जणींना उशिरा कळते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण वातानुकूलित कार्यालयात बसणारा, व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलेला पांढरपेशा माणूस? तो कामगाराच्या व्याख्येतून बहुधा बाहेर पडतो. त्याच्यावर लिंग किंवा जात न काढता नुसता वर्षानुवर्षं पाणउतारा होत असेल, तर त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मग कायदा एकदम शेवटच्या टोकाला भेटतो: आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं कलम, पूर्वीचं ३०६, आता न्याय संहितेतलं १०८. मधल्या सगळ्या वर्षांसाठी कोरं पान.

इतर देशांनी हे पान थोडंफार भरलंय. स्वीडनने १९९३ मध्येच कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध नियम केले. फ्रान्सने २००२ मध्ये ‘नैतिक छळ’ हा गुन्हा ठरवला, आणि २०१९ च्या डिसेंबरात फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखांना आणि इतर वरिष्ठांना पॅरिसच्या न्यायालयाने दोषी धरलं. हजारो लोक कमी करण्यासाठी त्यांनी सगळ्या कंपनीतच असं वातावरण केलं, की लोकांनी आपण होऊन जावं. न्यायालयासमोर ज्यांची प्रकरणं आली त्या ३९ कर्मचाऱ्यांपैकी १९ जणांनी आत्महत्या केली होती. जाच हा नुसता एका साहेबाचा स्वभाव नसून कंपनीचं धोरणही असू शकतो, हे त्या निकालाने मान्य केलं. दक्षिण कोरियाचा कायदा जुलै २०१९ चा, जपानचा जून २०२० पासूनचा. या दोन्ही देशांत आधी लोकांच्या तोंडी शब्द आले, मग कायदा आला. कोरियन शब्द ‘गॅपजिल’. करारपत्रात ज्याचं नाव वर असतं त्याने खालच्याशी केलेला माज. जपानी ‘पावाहारा’, म्हणजे सत्तेचा छळ.

आपल्याकडे शब्द नाही असं नाही. ‘सासुरवास’ आहे, ‘जाच’ आहे. घरातला जाच हा गुन्हा आहे हे कायद्याने म्हणायला १९८३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी ४९८-अ कलम आलं. तोवर माहेरी आलेल्या मुलीला काय सांगितलं जात होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

शेवटचा उपाय सोडून जाण्याचा. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये लिहिलं, की बिघडत चाललेल्या संस्थेत माणसापुढे निघून जाणं किंवा आवाज उठवणं हे दोन रस्ते असतात, आणि निष्ठा यांतलं काय निवडलं जाईल ते ठरवते. आपल्याकडे निष्ठेच्या जागी बहुधा घराचा हप्ता असतो. ‘पेपर टाकला’ म्हणायला सोपं. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, त्या नव्वद दिवसांत त्याच साहेबाखाली काम, आणि मग रिलीव्हिंग लेटरवर त्याचीच सही. तरीही जाणाऱ्यांनी दुसरी नोकरी हातात घेऊन जावं आणि जाताना हिशेब चुकते करायचा मोह टाळावा, एवढंच म्हणेन. आणि थांबणाऱ्यांनी आपण कशासाठी, किती दिवस थांबतोय, ते वहीत तारखेनिशी लिहावं. बाबांच्या औषधाला मुदत सरकार देत होतं. आता ती आपली आपल्याला घालावी लागते.

कंपन्यांच्या लक्षात येईल अशी एक गोष्ट एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात इस्पितळांत सापडली. चांगल्या प्रमुखाच्या वॉर्डांत औषधांच्या चुका कमी असतील असं त्यांना वाटत होतं. आकडा जास्त निघाला. चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. धाकाच्या वॉर्डात चूक कळतच नाही, रुग्णालाच कळते. ज्या साहेबाच्या टेबलावर सगळं आलबेल दिसतं, त्याच्या शिपायाला एकदा मूड विचारून बघावा.

मी ते कार्यालय सोडलं ते चार वर्षांनी, दुसरी नोकरी हातात घेऊन. पुढे मीही केबिनमध्ये गेले. काचेची भिंत, टेबल, अकरा माणसं. मी ओरडत नाही, रजा अडवत नाही, मेलला उत्तर देते. स्वतःबद्दल माझं मत बरं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी एकदा संध्याकाळी पॅन्ट्रीत पाणी प्यायला गेले. दार अर्धं उघडं होतं. आत नव्याने लागलेली एक मुलगी दोन मैत्रिणींसमोर उभी होती, पाठ दाराकडे. तिने हातातल्या पेनचं टोपण मायक्रोवेव्हवर तीनदा वाजवलं आणि मान वर न करता म्हणाली, “पुढे?”

त्या दोघी पोट धरून हसत होत्या. नक्कल हुबेहूब होती. माझ्या पहिल्या साहेबांना त्या मुलीने कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.